वाचनालयाचा पत्ता

'पत्ता' या शब्दाला आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत. राहण्याचें ठिकाण हा एक आणि शोध लागणें हा दुसरा. 'त्याचा पत्ता काय?' असें आपण विचारतों आणि 'त्याचा कांहींच पत्ता नाहीं' असेंही म्हणतों. सार्वजनिक वाचनालयाच्या बाबतींत हे दोन्ही अर्थ नेहमीं एकत्र नांदतात असें नाहीं. दारावर पाटी असते, सरकारदप्तरीं नोंद असते, वर्षाकांठीं अनुदानही येतें. तरीही ज्याला पुस्तक हवें आहे त्याला वाचनालयाचा पत्ता लागत नाहीं. आज मी आपणांपुढें चार शब्द बोलणार आहें ते या दुसऱ्या अर्थाविषयीं.

निमित्त असें झालें. बुलढाणा जिल्ह्यांतील ज्या लहानशा गांवीं माझी उभी नोकरी गेली, तेथील वाचनालयाच्या बैठकींत एका तरुण सभासदानें प्रश्न केला. तो म्हणाला, "माणूस कोठें उभा आहे हें ओळखून 'तुमच्या जवळ अमुक आहे, तमुक आहे' असें सांगणारीं अ‍ॅप्स आतां घरोघरच्या मोबाईलवर आहेत. खानावळवाले त्यांचा उपयोग करतात, दुकानदार करतात, डॉक्टर करतात. मग वाचनालयानेंच कां करूं नये?" आम्हां वडीलधाऱ्यांना प्रश्न अगदीं नवा वाटला. परंतु घरीं येऊन शांतपणें विचार केला तेव्हां ध्यानांत आलें कीं, नवें आहे तें केवळ साधन. वाचक कोठें आहे हें ओळखून तेथवर पोहोंचण्याची धडपड ग्रंथालयांनीं पूर्वींपासून चालविली आहे. तो इतिहास आधीं पाहूं आणि मग त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळूं.

महाराष्ट्रांतील सार्वजनिक वाचनालयांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत झाला. रत्नागिरीस १८२८, नाशिकास १८४०, पुण्यास १८४८ आणि कोल्हापुरास १८५० अशा क्रमानें हीं वाचनालयें निघालीं. 'नेटिव्ह लायब्ररी' हें अशा संस्थांचें त्या वेळचें परिचित नांव. त्यांचे वाचक थोडे, आणि ते बहुधा एकमेकांना ओळखणारे. कोणी कचेरींतले, कोणी वकील, कोणी शिक्षक. अशा मंडळींना वाचनालयाचा पत्ता सांगण्याची गरजच नव्हती.

आमच्या वऱ्हाडाची कथा थोडी निराळी. हा मुलूख १८५३ मध्यें निजामाकडून इंग्रजी अंमलाखालीं आला. पुढें आगगाडी आली. १८७० मध्यें जलंबाहून खामगांवपर्यंतचा फांटा खुला झाला आणि कापसाच्या गांठींबरोबर खामगांवचें नांव दूरवर गेलें. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगांव या गांवांना लोहमार्गाचा शेजार लाभला. घाटावरचीं चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हीं गांवें मात्र गाडीवाटेवरच राहिलीं. छापील कागदाचा प्रवासही याच वाटांनीं झाला. जेथें कचेरी, न्यायकोर्ट आणि हायस्कूल, तेथें वाचनालय, असा साधारण रिवाज पडला. बुलढाण्याचें गर्दे वाचनालय तर सभा-व्याख्यानांचेंही स्थान होऊन बसलें आहे. परंतु आठवड्याच्या बाजाराला येणारा शेतकरी वाचनालयाच्या दारावरून बैल हांकीत जाई आणि आंत काय आहे हें त्याला ठाऊक नसे. दार उघडें होतें, पत्ताही होता. पण तो त्याच्यासाठीं नव्हता.

ही अडचण ज्यांनीं ओळखली त्यांत बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे अग्रगण्य होत. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें या खेड्यांत जन्मलेल्या या राजानें १९१० मध्यें अमेरिकेहून विल्यम बोर्डन नांवाच्या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावून आणलें आणि आपल्या राज्यांत ग्रंथालयांची एक व्यवस्थित सांखळी उभी केली. राजधानींत मध्यवर्ती ग्रंथालय आणि गांवोगांवीं लहान वाचनालयें. जेथें तेंही शक्य नव्हतें तेथें पुस्तकांनीं भरलेल्या लांकडी पेट्या जात. पेटी खेड्यांत पोहोंचावयाची, कांहीं काळ तेथें राहावयाची आणि मग परत यावयाची. योजना साधी होती, पण तिच्यांतील तत्त्व मोठें होतें. वाचकानें ग्रंथालयाचा पत्ता शोधावा याऐवजीं ग्रंथालयानेंच वाचकाचा पत्ता शोधिला.

याच सुमारास अमेरिकेंतील मेरीलंड संस्थानांत मेरी टिटकोंब या बाई हेंच काम करीत होत्या. दुकानांतून व टपालकचेऱ्यांतून पुस्तकांच्या पेट्या ठेवूनही दूरचे शेतकरी राहूनच जातात असें पाहून त्यांनीं १९०५ मध्यें घोड्यांची पुस्तकगाडी काढली. गाडीचा रंग काळा होता. एका शेतकऱ्याला ती प्रेत नेणारी गाडी वाटली आणि 'आमच्याकडे तुमचें कांहीं काम नाहीं, पुढें जा' असें त्यानें दारांतूनच सांगितलें. तेव्हां बाईंनीं गाडीचीं चाकें आणि दारें तांबड्या रंगानें रंगवून घेतलीं. गोष्ट विनोदी असली तरी बोध घेण्याजोगी आहे. वाचकाच्या दारीं जाऊन भागत नाहीं. आपण कोण आहोंत हें त्याला दुरून ओळखूंही आलें पाहिजे.

आपल्या देशांत दक्षिणेकडे मन्नारगुडी येथें २१ ऑक्टोबर १९३१ रोजीं बैलगाडीवरचें फिरतें ग्रंथालय निघालें. त्याच वर्षीं डॉक्टर रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पांच नियमांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ हे उपयोगासाठीं आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वांचवावा. आणि ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे. असे ते पांच नियम होत. पहिल्या नियमाचा व्यवहारांत अर्थ काय हें सांगतांना रंगनाथन यांनीं ग्रंथालयाच्या जागेचा विचार केला आहे. ज्याला माल खपवावयाचा असतो तो दुकान कोठें थाटावें याचा विचार आधीं करतो. मग ज्याला ग्रंथ वाचले जावेत असें खरोखर वाटतें त्यानें तो कां करूं नये? जागा निवडण्यांतच हेतूची परीक्षा होते. पुस्तकें नुसतीं सांभाळावयाचीं असतील तर गांवाबाहेरची कोठीही चालेल. तीं वाचलीं जावींत अशी इच्छा असेल तर लोकांच्या रोजच्या पायवाटेवर यावें लागेल.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६७ मध्यें सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. अ, ब, क, ड असे वर्ग पडले, अनुदानाची व्यवस्था लागली आणि खेड्यापाड्यांतून वाचनालयें निघालीं. आज राज्यांत अशीं हजारों वाचनालयें आहेत. हें कार्य थोर आहे यांत शंका नाहीं. परंतु अनुदानाबरोबर एक सवयही लागली. नोंदवह्या पुऱ्या ठेवाव्या, तपासणीच्या दिवशीं सर्व जागच्या जागीं असावें, एवढ्यानें कर्तव्य झालें असें वाटूं लागलें. वाचक हा तपासनिसाहून मोठा आहे याचा कांहीं ठिकाणीं विसर पडला. मी स्वतः त्या विसराळू मंडळींपैकीं एक होतों, हें पुढें सांगणारच आहें.

मध्यंतरीं एक प्रयोग असा झाला कीं, त्यानें जागेची कल्पनाच बदलली. सातारा जिल्ह्यांत पांचगणीजवळचें भिलार हें गांव २०१७ मध्यें 'पुस्तकांचें गांव' म्हणून उभें राहिलें. एका इमारतींत सगळे ग्रंथ कोंडण्याऐवजीं सुमारें पंचवीस ठिकाणीं, लोकांच्या घरांतून व देवळाशाळांतून ते मांडण्यांत आले. एके घरीं कविता, दुसऱ्या घरीं इतिहास, तिसऱ्या घरीं बालवाङ्मय. वाचक गांवांत हिंडतो आणि हिंडतां हिंडतां वाचतो. आपल्याकडील ग्रंथदिंडीची प्रथा यापेक्षां फार दूरची नाहीं. पालखींत ग्रंथ ठेवून तो रस्त्यानें मिरवावयाचा, म्हणजे जो कधीं वाचनालयांत आला नाहीं त्याच्याही दृष्टीस तो पडतो.

आतां नव्या साधनाकडे येऊं. त्याचा इतिहास लहान आहे, पण सांगण्यासारखा आहे. उपग्रहांच्या साहाय्यानें पृथ्वीवरील ठिकाण ओळखण्याची जी अमेरिकन व्यवस्था आहे, तिच्यांतून सामान्य लोकांना मिळणारी माहिती पूर्वीं मुद्दाम थोडी अचूकपणास उणी ठेवलेली असे. मे २००० मध्यें ती मर्यादा काढण्यांत आली, आणि लागलीच हौशी लोकांनीं डबे लपवून ते ठिकाणाच्या आंकड्यांवरून शोधण्याचा खेळ सुरू केला. मागाहून २००९ मध्यें 'फोरस्क्वेअर' नांवाचें अ‍ॅप निघालें. आपण जेथें पोहोंचलों तेथें हजेरीची खूण करावयाची, ती स्नेह्यांना दिसावयाची, आणि एखाद्या ठिकाणीं ज्याची हजेरी सर्वांत अधिक त्याला तेथील 'मेयर' म्हणावयाचें, असा तो प्रकार होता. उपाहारगृहांप्रमाणें परदेशांतील कांहीं ग्रंथालयांनींही त्याचा उपयोग करून पाहिला. पण या अ‍ॅप्सचें आयुष्य किती? 'डॉजबॉल' हें २००९ मध्यें बंद झालें, 'गोवाला' २०१२ मध्यें बंद झालें आणि फोरस्क्वेअरचें शहरदर्शक अ‍ॅप २०२४ च्या डिसेंबरांत बंद झालें. ज्यांनीं आपल्या साऱ्या खुणा त्यावर उभ्या केल्या असतील त्यांच्या खुणा त्याबरोबर पुसल्या गेल्या.

त्याच काळांतला एक निराळा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या मुख्य इमारतीला २०११ मध्यें शंभर वर्षें पूर्ण झालीं. त्या निमित्तानें मे महिन्यांतील एका रात्रीं पांचशें तरुण-तरुणींना ग्रंथालयांत राहूं देण्यांत आलें. मोबाईल हातीं घेऊन त्यांनीं इमारतींतील शंभर दुर्मिळ वस्तू व ग्रंथ जागोजागीं जाऊन शोधावयाचे आणि प्रत्येकावर कांहींतरी लिहावयाचें, असा तो खेळ होता. उजाडेपर्यंत त्या लेखनाचें एक पुस्तक तयार झालें आणि तें ग्रंथालयांतच ठेवण्यांत आलें. खेळ संपला, पुस्तक राहिलें. साधन कोणतेंही असो, त्याच्या शेवटीं ग्रंथालयाच्या पदरांत स्वतःचें असें कांहीं पडावें, हा नियम मीं त्यावरून घेतला.

आतां माझ्या अपराधाची गोष्ट सांगतों. आमच्या वाचनालयानें कांहीं वर्षांपूर्वीं भाड्याची जुनी जागा सोडून नव्या जागेंत बिऱ्हाड केलें. त्या वेळीं मी कार्यवाह होतों. कपाटें हलविलीं, पाटी हलविली, वीजमंडळाला व टपालकचेरीला अर्ज दिले. मोबाईलवरील नकाशांत आपलीही एक खूण आहे, ती कोणीतरी पूर्वींच करून ठेवली आहे, हें आमच्या गांवींही नव्हतें. ती खूण जुन्या जागींच राहिली. पुढें त्या तरुण सभासदानें ती उघडून दाखविली. तिच्याखालीं एका मुलीनें चार ओळी लिहिल्या होत्या. स्पर्धापरीक्षेचीं पुस्तकें पाहावयास ती खेड्याहून एस्. टी. नें आली. मोबाईलनें दाखविलेल्या जागीं लोखंडी सामानाचें दुकान होतें. तिनें दोघांना विचारलें, त्यांना ठाऊक नव्हतें, आणि परतीची गाडी चुकूं नये म्हणून ती माघारी गेली. 'येथें वाचनालय नाहीं' असें तिचें शेवटचें वाक्य होतें, आणि तें लिहून दीड वर्ष होऊन गेलें होतें.

श्रोतेहो, उभ्या जन्मांत मीं शेकडों मुलांना 'वाचाल तर वांचाल' असें सांगितलें असेल. त्यांतलीच एक म्हणावी अशी मुलगी पुस्तकासाठीं आली आणि मी कार्यवाह असलेल्या संस्थेनें तिला दुकानाच्या दारांत उभें केलें. आमचें वाचनालय त्या जुन्या जागेपासून अवघ्या तीन मिनिटांच्या वाटेवर होतें.

दुसऱ्याच दिवशीं आम्हीं ती खूण सुधारण्याच्या मागें लागलों. जागा दुरुस्त केली, दाराचें स्पष्ट छायाचित्र घातलें, दूरध्वनीचा क्रमांक दिला, आठवड्याच्या सुटीचा वार लिहिला. नांव मराठींत आणि इंग्रजींत दोन्हीं प्रकारें घातलें; कारण कोणी 'वाचनालय' म्हणून शोधतो, कोणी 'लायब्ररी' म्हणून, आणि हल्लींचीं मुलें बहुतेक 'अभ्यासिका' म्हणून. या कामाला पैसा लागला नाहीं. नंतर मात्र एक गोष्ट निघाली ती आमच्या कल्पनेंत नव्हती. वेळ लिहिली होती सायंकाळीं पांच ते आठ. आमचा शिपाई कधीं साडेपांचाला येई, कधीं सहाला. पूर्वीं त्याचें कोणाला कांहीं वाटत नसे, कारण येणारे ओळखीचे होते आणि तेही उशिरांच येत. आतां परगांवचा मनुष्य बरोबर पांचाला दारांत उभा राहूं लागला. लिहिलेली वेळ हें जगाला दिलेलें वचन झालें. ती पाळावयाची तर शिपायाला वेळेवर वेतन देणें आलें, तो रजेवर असतां आमच्यापैकीं कोणी किल्ली घेऊन जाणें आलें. नकाशावरील खूण वाचकाला दारापर्यंत आणते, आणि दार बंद असेल तर त्याची निराशा पूर्वींपेक्षां अधिक होते. हें ज्याला झेपत नसेल त्यानें खूण न केलेलीच बरी.

एवढें केल्यावर पुढचा विचार. आमच्या जिल्ह्यांत तेरा तालुके आहेत आणि लोकांचें येणेंजाणें मोठें आहे. शेगांवास श्रीगजानन महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला बारा महिने रीघ असते. सिंदखेड राजास १२ जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीसाठीं लोक लोटतात. लोणारचें उल्कापाताचें सरोवर पाहावयास देशोदेशींचे लोक येतात. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आमच्या मेहकर-सिंदखेड राजा भागांतून जातो. त्यावरील प्रवाशाला गांव लागत नाहीं, फक्त मोबाईलवरील खुणा लागतात. या सर्व ठिकाणीं माणूस उभा असतो आणि त्याच्या मनांत प्रश्न असतात. जून २०२० मध्यें लोणारचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें तेव्हां मोबाईलवर नाना तऱ्हेच्या कथा फिरल्या. पुढें शास्त्रज्ञांनीं पाण्याची तपासणी करून खारट पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचें कारण दिलें. त्या वेळीं सरोवराच्या कांठावर उभ्या असलेल्या मनुष्याला 'याविषयींचीं पुस्तकें अमुक अंतरावरील वाचनालयांत आहेत' असें कोणीं सांगितलें असतें तर?

माझ्या मतें ठिकाण ओळखणाऱ्या अ‍ॅपचा खरा उपयोग येथें आहे. स्थळाला ग्रंथाशीं जोडावयाचें. सिंदखेड राजाच्या राजवाड्यापाशीं जाधव घराण्याच्या इतिहासाचीं पुस्तकें, लोणारला भूगर्भशास्त्राचीं व तेथील देवळांचीं, खामगांवास कापसाच्या व्यापाराचीं. मेहकरला ज्यांनीं वकिली केली त्या कवि ना. घ. देशपांडे यांचा जन्म सिंदखेड राजाचा. त्यांच्या 'खूणगाठी' या संग्रहास १९८६ सालचें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. मेहकरास उतरणाऱ्या किती प्रवाशांना हें ठाऊक असतें? त्या त्या गांवच्या वाचनालयानें अशा पुस्तकांची लहान यादी करावी, तिचा चौकोनी छापील संकेत, ज्याला मुलें 'क्यूआर कोड' म्हणतात, परवानगीनें स्थळापाशीं लावावा आणि नकाशांतील आपल्या खुणेशींही ती यादी जोडावी. शाळेंतील मुलांकडून गांवच्या जुन्या वास्तूंची माहिती लिहवून घ्यावी. ती आधीं वहींत उतरवून वाचनालयांत ठेवावी आणि मग नकाशावर घालावी. अ‍ॅप उद्यां बंद पडलें तरी वही आपली राहील.

एक इशारा देणें अवश्य आहे. 'मी येथें आहें' असें वाचकानें जगाला सांगावें, अशी या अ‍ॅप्सची ओढ असते. कोणता वाचक कोणत्या वेळीं कोठें बसतो आणि काय वाचतो हें बाहेर न जाऊं देणें हा ग्रंथपालाचा धर्म आहे. विशेषतः सायंकाळीं अभ्यासिकेंत बसणाऱ्या मुलींच्या बाबतींत ही गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहिली पाहिजे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा जो कायदा २०२३ मध्यें संमत झाला, त्यांतही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति सांगितली आहे. म्हणून आम्हीं नियम केला आहे कीं, वाचनालयानें आपलें ठिकाण सांगावें, वाचकाचें सांगूं नये. छायाचित्र घालावयाचें तें दाराचें आणि कपाटांचें, वाचणाऱ्यांचें नव्हे.

सयाजीरावांची पेटी, टिटकोंबबाईंची गाडी, मन्नारगुडीचे बैल आणि आजचें अ‍ॅप यांत साधनांचा फरक आहे. प्रत्येक वेळीं प्रश्न एकच होता कीं, ज्याला पुस्तक हवें आहे तो कोठें आहे, आणि तो आला तर आपण जागेवर आहोंत काय? बैठकींतील त्या तरुणाच्या प्रश्नाला म्हणून माझें उत्तर असें कीं, साधनाचा उपयोग अवश्य करावा. पण आधीं किल्ली कोणाकडे आहे तें पाहावें.

ती मुलगी पुढें आमच्या वाचनालयांत आली किंवा नाहीं, मला सांगतां येत नाहीं. तिनें आपलें पुरें नांव लिहिलें नव्हतें. तिच्या चार ओळींखालीं आम्हीं क्षमा मागून नवा पत्ता लिहिला आहे. हल्लीं नवा सभासद म्हणून एखादी मुलगी अर्ज भरूं लागली म्हणजे ती कोणत्या गांवाहून आली हें मी विचारतों. पूर्वीं एकदां येऊन गेलीस का, हें मात्र विचारण्याचा मला अजून धीर होत नाहीं.